नोंद नसलेली चिठ्ठी

३ मार्च, सोमवार

ठकू,

पत्ता आईकडून घेतला. कशाला हवा, हे तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते तसंच बाजूला टाकशील अशी धास्ती आहे, म्हणून मुद्द्याचं आधी लिहिते. तू ज्या शाळेत अर्ज केला आहेस, तिथून तुझ्या चौकशीचा फॉर्म आज आमच्या ऑफिसात आला. बारा तारखेच्या आत भरून पाठवायचा आहे.

हे तुला कळवणं नियमात बसत नाही. अशा फॉर्मबद्दल उमेदवाराला चकार शब्द सांगायचा नसतो. हा नियम मीच टाईप केला आणि त्यावर सगळ्यांच्या सह्या मीच फिरून फिरून घेतल्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मोडतेय. तुला हसू येत असेल तर हस बापडी.

फॉर्ममध्ये चौदा प्रश्न आहेत. पहिले अकरा साधे, किती वर्षं शिकवलं, कोणते वर्ग, वेळेवर येत होती का. बारावा असा, 'या व्यक्तीची कधी चौकशी झाली होती का, आणि निष्कर्ष काय?' तेरावा, 'तुम्ही तिला पुन्हा कामावर घ्याल का?' आमचे प्राचार्य या वर्षी बदलले. नवे सर तीन देशांतल्या शाळा चालवून आलेत, आवाज कधी चढत नाही. त्यांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "फाईल बघून भरा, मी सही करतो." आपण बहिणी आहोत हे त्यांना ठाऊक नाही. आडनावं वेगळी, आणि जुन्या माणसांपैकी कुणी त्यांच्या कानावर घातलेलं दिसत नाही.

फाईलमध्ये काय आहे ते तुला पाठ असेल. विद्यार्थिनीला ऐकू कमी येतंय हे शाळेला लेखी कळवलं नाही, त्यामुळे पाच आठवडे वाया गेले, आणि शेवटी वरिष्ठांना डावलून परस्पर आईशी बोलून संपर्काचा ठरलेला मार्ग मोडला. सबब करार पुढे वाढवू नये. अक्षर माझं आहे, कारण चौकशीचं इतिवृत्त मीच लिहीत होते.

हे बाराव्या रकान्यात उतरवलं, की तुझी नवी नोकरी गेलीच म्हणून समज. न उतरवावं, तर मी खोटी नोंद करतेय. म्हणून फॉर्म टेबलावर पेपरवेटखाली ठेवलाय आणि दिवसभर त्याच्याकडे न बघता कामं उरकतेय.

तू मला काही सांगावंस म्हणून लिहीत नाहीये. तुला माहीत असावं, एवढंच.

ताई


५ मार्च, बुधवार

ठकू,

पहिलं पत्र पोचलं असेल नसेल, दुसरं लिहायला घेतलं. फोन लावला असता, पण तू माझा नंबर उचलत नाहीस. आणि आईमार्फत निरोप द्यायचा म्हणजे आपल्या घरचं ऑफिसच. तुझं वाक्य माझ्यापर्यंत येईतो गुळगुळीत होऊन येतं. "ती बरी आहे म्हणाली." एवढंच. तू नक्की काय म्हणाली असशील याचा मी अंदाज बांधत बसते.

आज नवे सर दारातल्या तक्त्यासमोर बराच वेळ उभे होते. हाच तो, मी सहा महिने खपून काढलेला. खाली पालक, त्यांच्यावर वर्गशिक्षक, मग विभागप्रमुख, मग नर्स आणि समुपदेशक, मग प्राचार्य, सगळ्यात वर व्यवस्थापन मंडळ. कुणी कुणाला सांगायचं, किती दिवसांत उत्तर द्यायचं, सगळं रेघा मारून. तू त्याला जिना म्हणायचीस. पण तूच सांग, बत्तीस देशांची मुलं, आईवडील अकरा भाषांत भांडणार, कुणी थेट मंडळाच्या अध्यक्षाच्या घरी जाणार, तर कुणी झाडूवाल्यापाशी तक्रार करणार. तक्ता येण्याआधी या शाळेचा नुसता बाजार झाला होता. तो मी सावरला, असं मला अजूनही वाटतं आणि त्यात माझं काही चुकलं असं वाटत नाही.

सर म्हणाले, "यात तुम्ही कुठे आहात?"

मी म्हटलं, "मी यात नाही, सर. कागद फक्त माझ्या टेबलावरून जातात."

"सगळे?"

"सगळे."

"आणि एखादा तिथेच राहिला, तर ते कुणाला कळतं?"

मी म्हटलं, आवक वही आहे ना, प्रत्येक कागदाची तारीख-वेळेसकट नोंद होते. त्यांनी मान डोलावली आणि गेले. 

तुझ्या प्रकरणात काय काय झालं, ते मी इतक्या वेळा मनाशी उगाळलंय, की आता एकदा सरळ लिहून काढते. तुझ्या दुसरीच्या वर्गात ती मुलगी होती. उजव्या बाजूने हाक मारली की वळायची नाही. तू दोनदा घड्याळबाईंना, म्हणजे तुमच्या विभागप्रमुखांना, तोंडी सांगितलंस. त्या म्हणाल्या, सत्राचे निकाल लागू देत, मग बघू. तू थांबायला तयार नव्हतीस. मग तू थेट प्राचार्यांच्या नावाने चिठ्ठी लिहिलीस आणि ऑफिसात दिलीस. उत्तर आलं नाही. तीन आठवड्यांनी तू फाटकात तिच्या आईला गाठून सगळं सांगितलंस. त्यांनी मुलीला लगेच डॉक्टरकडे नेलं, कानात पाणी साठलं होतं, शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, आधी आला असता तर बरं झालं असतं. मग ते दोघं नवराबायको शाळेवर चाल करून आले की आम्हाला इतके दिवस अंधारात का ठेवलं. तुझ्यावर नव्हते चिडलेले. पण शाळेला कुणाच्या तरी माथी खापर फोडायचं होतं.

चौकशीत तू म्हणालीस, "मी चिठ्ठी ऑफिसात दिली होती." त्यांनी मला विचारलं. मी आवक वही उघडली, ते तीन आठवडे बोट फिरवून पाहिले आणि म्हटलं, "नोंद नाही."

नोंद नव्हतीच, ठकू. मी खोटं बोलले नाही.

एक गोष्ट मला आजवर उलगडलेली नाही. तू 'ऑफिसात दिली' म्हणालीस. 'ताईच्या हातात दिली' असं का नाही म्हणालीस? "अजून काही म्हणायचंय?" असं त्यांनी विचारल्यावर तू नाही म्हणालीस आणि उठलीस. मी खाली मान घालून लिहीत होते. नंतर घरी जी बोलाचाली झाली ती झाली, तो विषय आता नको.

ताई


७ मार्च, शुक्रवार

ठकू,

परवाचं पत्र पेटीत टाकलं आणि घरी येईपर्यंत मलाच माझी चीड आली. 'मी खोटं बोलले नाही' हे वाक्य मी गेली दोन वर्षं पुरवून पुरवून वापरतेय.

तर आता नीट. चिठ्ठी तू माझ्या हातात दिलीस. बुधवार होता, मधल्या सुट्टीनंतरची वेळ. पिवळा कागद, घडी घातलेला. तू म्हणालीस, "ताई, आजच आत दे, थांबण्यासारखं नाहीये." मी हो म्हटलं.

मी ती वाचली. ती घड्याळबाईंच्या सहीशिवाय आली होती. म्हणजे मधली पायरी सोडून. दुसऱ्या कुणाची असती तर मी त्या माणसाला तिथल्या तिथे परत पाठवलं असतं, 'आधी विभागप्रमुखांची सही आणा' म्हणून. पण तू माझी बहीण. आत न्यावी तर घड्याळबाई म्हणणार, हिच्या बहिणीसाठी वेगळा नियम. शिक्षकांच्या खोलीत आधीच कुजबुज होती की तुझी नेमणूक माझ्यामुळे झाली. परत करावी तर तू माझ्याशी तिथेच भांडली असतीस, सगळ्यांसमोर. म्हणून मी काहीच केलं नाही. वहीत चढवली असती तर ती पुढे पाठवावी लागली असती, म्हणून चढवली नाही. वरच्या खणात ठेवली. उद्या घरी निवांत समजावून सांगू, असं मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी कळलं की मान्यता देणारी समिती पंधरा दिवस आधीच येतेय. मग फाईली, तक्ते, बैठकांच्या वेळा, पाहुण्यांची सोय, विचारू नकोस. चिठ्ठी डोक्यातून गेली. अगदीच गेली असंही नाही. दोनदा खण उघडताना दिसली आणि दोन्ही वेळा मी म्हटलं, समिती जाऊ दे.

चौकशीच्या दिवशी ती खणातच होती. मी बसले होते त्या खोलीपासून वीस पावलांवर.

मला वाटलं होतं, फार तर तुला ताकीद देतील. एका ताकिदीसाठी आपली सतरा वर्षांची अब्रू कशाला घालवा, असा हिशोब केला. मग करार वाढवायचा नाही असं ठरलं, आणि तोवर वाक्य बोलून झालं होतं, लिहून झालं होतं, त्यावर सह्या झाल्या होत्या. भ्याले मी. दुसरं काही नाही. मला लाज वाटते आणि ती कमी होत नाही.

चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. ऑफिसात आलेला कागद मी आजवर फाडलेला नाही, हाही फाडवला नाही.

बुधवारी फॉर्म जायला हवा. सोमवारी सरांकडे जाईन असं ठरवलंय. हे लिहूनच ठेवते, म्हणजे मागे फिरता येणार नाही. आज पत्र टाकल्यावर तुझ्याकडे ते सोमवारपर्यंत पोचेल आणि तुला माहीत असेल, की मी जायला हवं होतं.

ताई


११ मार्च, मंगळवार

ठकू,

काल गेले. सकाळी दहाला वेळ मागितली तर सर म्हणाले, "वेळ कशाला मागता, तुमच्या टेबलापासून माझं दार चार पावलांवर आहे." मी तरी भेटींच्या वहीत स्वतःचं नाव लिहिलं. सवय जात नाही.

फॉर्म, तुझी फाईल आणि ती पिवळी चिठ्ठी, तिन्ही पुढ्यात ठेवली. म्हटलं, या बाई माझ्या सख्ख्या धाकट्या बहीण आहेत, त्यामुळे हा फॉर्म मी भरू नये. आणि फाईलमधली एक गोष्ट चूक आहे, ती मी केलेली आहे. मग सगळं सांगितलं.  पाठ केल्यासारखं सुरू केलं, पण मध्येच 'ठकू' म्हणून गेले आणि त्यांनी विचारलं, ठकू कोण.

त्यांनी तुझी चिठ्ठी दोनदा वाचली. तुझं अक्षर त्या दिवशी किती नीट होतं ते मीही नव्याने पाहिलं. खाली तू तारीख आणि वेळ घातलेली. 'तिला वर्गात एकटं पडल्यासारखं वाटतं, आणि ती ते कुणाला सांगू शकत नाही,' हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कुठे पाहत होते कोण जाणे. सही आहे की नाही तेवढंच पाहत असेन.

सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी विचारलं, "अशा किती चिठ्ठ्या तुम्ही थांबवल्यात?"

"थांबवली ही एकच. परत पाठवल्या बऱ्याच."

"त्यांपैकी किती परत आल्या, सह्या घेऊन?"

मी म्हटलं, मोजलं नाही कधी. ते म्हणाले, "मला वाटतं फारशा नसतील."  

त्यांनी माझ्याकडून लेखी निवेदन मागितलं. मी तिथेच, त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून हाताने लिहून दिलं. ते मंडळाकडे जाईल आणि तुझ्या फाईलला जोडलं जाईल. फॉर्म त्यांनी स्वतःकडे ठेवला. बाराव्या रकान्यात काय लिहिणार ते सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारायचा हक्कही नाही. शाळेच्या वतीने तुला दिलगिरीचं पत्र जाईल, एवढं म्हणाले.

उठताना मी म्हटलं, "मी तिला आधीच तीन पत्रं लिहिलीत, सर. फॉर्म आल्याचंही कळवलंय. तेही नियमाबाहेर आहे."

"हेही निवेदनात लिहा," म्हणाले. मी पुन्हा बसले आणि लिहिलं.

घड्याळबाई दुपारी भेटल्या. बातमी कशी कळली देव जाणे, कुठल्याही तक्त्यात नसलेल्या वाटेने ती अर्ध्या तासात पोचते. म्हणाल्या, "एवढं उकरून काढायची काय गरज होती?" मी म्हटलं, "तुम्हालाही तिने दोनदा सांगितलं होतं." त्या वर्गाकडे वळल्या. मीही पुढे ताणलं नाही, माझंच झाकायला जागा नव्हती.

ताई


२० मार्च, गुरुवार

ठकू,

फॉर्म वेळेत गेला, हे जावकच्या वहीतून कळलं. वही आता माझ्याकडे नाही, सहज नजर गेली.

मला जुन्या दाखल्यांच्या खोलीत बसवलंय. मंडळाची बैठक होईपर्यंत तरी. तळमजल्यावर, जिन्याखाली. ज्यांनी शाळा सोडली त्या सगळ्या मुलांची कार्डं इथे आहेत, वीस वर्षांची, आणि ती वर्षानुसार लावायची आहेत. माझ्या टेबलावर प्रवेश विभागातल्या बाई बसतात. चांगल्या आहेत. मला येऊन विचारतात, अमुक कागद कुणाला द्यायचा. मी सांगते. नव्या सरांनी आता असं केलंय, की मुलाच्या तब्येतीची चिठ्ठी कुणीही, कुठूनही आणली तरी तिच्या दोन प्रती निघतात. एक नर्सकडे, एक त्यांच्याकडे, त्याच दिवशी. साधी गोष्ट आहे. मला सुचली नव्हती.

ती मुलगी चौथीत आहे. काल जिन्यावरून उतरताना मैत्रिणीशी तावातावाने भांडत होती. मागच्यांचं सगळं ऐकू येतं तिला, असं दिसलं, कारण मागच्यांनाही उत्तरं देत होती. उजव्या कानाने थोडं कमी येतं असं नर्स म्हणाली.

आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. नवी खोली, कामात बदल, एवढंच म्हटलं. तिला बरं वाटत नसताना कशाला.

तुझं उत्तर यावं अशी अपेक्षा नाही. खरं सांगायचं तर आहे. रोज पेटी उघडून बघते. तुझी आठवण येते, आणि ती नोकरी तुला मिळावी असं मनापासून वाटतं.

ताई


२७ मार्च, गुरुवार

ताई,

नोकरी मिळाली. जूनपासून दुसरीचाच वर्ग. नव्या शाळेच्या प्राचार्यांनी मला फोनवर वाचून दाखवलं, तुमच्या सरांनी बाराव्या रकान्यात काय लिहिलंय ते. 'चौकशी झाली. निष्कर्ष चुकीचा होता, चूक शाळेची होती.' तेराव्यात, 'हो, आणि तिने यायचं ठरवलं तर आमचं भाग्य.' मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

तुझी पाचही पत्रं मिळाली. पहिलं दोन दिवस उघडलं नव्हतं, तुझा अंदाज बरोबर होता. बाकीची आल्या आल्या वाचली.

तुला एक प्रश्न पडलाय ना, 'ताईच्या हातात दिली' असं मी का म्हणाले नाही. सांगते. समिती गेली त्या दुपारी मी उत्तराचं विचारायला तुझ्या टेबलापाशी आले होते. तू झेरॉक्सपाशी पाठमोरी. वरचा खण अर्धा उघडा, आणि स्टेपलरखाली माझी चिठ्ठी. तशीच, घडी न मोडल्यासारखी. तेव्हाच मला कळलं, की आत कुणी ती वाचलेली नाही आणि वाचणारही नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या मुलीच्या आईला फाटकात गाठलं. मी उगाच मार्ग मोडायला निघाले नव्हते, ताई. मार्ग कुठे संपतोय ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

चौकशीत तू 'नोंद नाही' म्हणालीस, तेव्हा मी 'वरचा खण उघडा' एवढं म्हणाले असते तरी पुरलं असतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण मग त्याच दिवशी आपण दोघी घरी बसलो असतो. आई तुझ्याकडे, भावजींचं काम सुटलेलं. दोघींपेक्षा एकीची गेलेली परवडली, आणि माझं वय कमी होतं, मला दुसरी मिळाली असती. म्हणून गप्प बसले. खरंच सांगते, त्याचा राग मी धरला नाही. तू भ्यालीस हे मला दिसत होतं. सबंध वेळ तू वहीतून मान वर केली नाहीस.

राग वेगळ्याचा होता, आणि तुझ्या पाच पत्रांत खण आला, वही आली, सर आले, ती गोष्ट तेवढी आली नाही. 'घरी जी बोलाचाली झाली ती झाली.' ताई, बोलाचाली झाली नव्हती. बोललीस तू एकटी. त्याच संध्याकाळी, आईसमोर. "हिला नियम म्हणून पाळायला नकोत. एका लेकराच्या कानाचं वाटोळं केलं हिने." मी तुझ्याकडे बघत होते आणि तू आईकडे बघून बोलत होतीस. आईने मला काही म्हटलं नाही, पण तेव्हापासून फोन ठेवताना ती दर वेळी म्हणते, "आता तरी नीट वागत जा हो, बाळा." दोन वर्षं झाली, ती ते म्हणते आणि मी "हो आई" म्हणते.

सरांना सांगितलंस, मंडळाला लिहून दिलंस, मला कळवलंस. मोठी हिंमत केलीस, मला माहीत आहे तुला किती जड गेलं असेल ते. पण आईला बरं वाटत नाही म्हणून तिला सांगितलं नाहीस.

शनिवारी दुपारी मी येतेय. आईला माझ्याशेजारी बसव आणि तू तिला सांग. पत्र वाचून दाखवायचं नाही, तोंडाने सांगायचं. मी मध्ये एक शब्दही बोलणार नाही.

ठकू